एका जॅकेटाच्या दोन बहिणी

लग्न होऊन मी भाईंदरला आले ती अठ्ठ्याऐंशी साली. माहेर दादरचं, त्यामुळे भाईंदर म्हटल्यावर माझ्या मावशीने भर बैठकीत विचारलं होतं, "अगं, तिथे प्यायला पाणी तरी मिळतं का?" मिळत होतं, पण ठरावीक वेळेला आणि ठरावीक बादल्यांत. केबिन रोडपासून दोन मिनिटांवर आमची चार मजली इमारत, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, आणि मागच्या गॅलरीतून लांबवर मिठागरं दिसायची. सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला घर दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सासऱ्यांनी तेच घर पुन्हा दाखवलं, कारण त्यांच्या मते आदल्या दिवशी मला सगळी नावं चुकीची सांगितली गेली होती.

"ही गॅली," स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते म्हणाले. "हा डेक," म्हणजे फरशी. "आणि दर शनिवारी दहा वाजता राउंड. मी सगळीकडे बोट फिरवून बघतो. काही लपवायचं असेल तर शुक्रवारीच लपवून ठेव."

मी माहेरी फोन करून सांगितलं की सासू चांगली आहे आणि सासरा जहाज आहे.

बाबांनी (सासऱ्यांना मी बाबाच म्हणायचे) नौदलात पंधरा वर्षं काढली होती. तोफाबिफांशी त्यांचा संबंध नव्हता. ते रायटर होते, म्हणजे जहाजावरचे कारकून. रजेचे अर्ज, बदल्यांचे कागद, कोणाला बाळ झालं त्याची नोंद, हे त्यांचं काम. पुढे फोर्टातल्या एका कंपनीत तेच केलं. अक्षर देखणं, आणि पत्रं लिहिण्याची भारी हौस. सोसायटीच्या पाण्याची नोटीसही त्यांच्याच हातची असे: "सर्व बिऱ्हाडांनी साडेसहा वाजता पिंपांसह सज्ज राहावे. विलंब झाल्यास कारण लेखी द्यावे." दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेठ एकदा उशिरा आले आणि त्यांनी खरोखर लेखी कारण आणून दिलं. बाबांनी ते फाइलला लावलं.

त्यांची एकच खोड होती. एकदा मसुदा मनासारखा जमला की तो ते बदलत नसत. आमच्या लग्नानंतर त्यांनी माझ्या वडिलांना आभाराचं सुरेख पत्र पाठवलं, त्यात श्रीखंडाची तोंड भरून स्तुती होती. आमच्या लग्नात जिलबी होती. श्रीखंड त्यांच्या मोठ्या मुलीच्या सासरच्यांना पाठवलेल्या पत्रातलं होतं. वडिलांनी ते पत्र जपून ठेवलं आणि मी माहेरी गेले की "तुमच्या श्रीखंडाचं काय म्हणतात?" असं न चुकता विचारायचे.

युद्धाबद्दल बोलताना बाबांना थांबवावं लागे. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते एका फ्रिगेटवर होते. फ्रिगेट म्हणजे पाणबुड्या हुडकून काढणारी मध्यम आकाराची लढाऊ नौका, हे मला पहिल्या महिन्यातच पाठ झालं. तिचं नाव ते घेत नसत, "आपलं जहाज" म्हणत, तर मीही इथे तेच म्हणते. युद्धात आपलं जहाज मुंबईहून निघालं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापलीकडे शत्रूच्या पाणबुडीच्या मागावर फिरू लागलं. तोच समुद्र उभा विंचरायचा, तोच आडवा विंचरायचा. पाण्याखाली आवाज सोडायचा आणि तो कशावर आपटून परत येतो का, हे कान लावून ऐकत बसायचं. काळोख पडला की बाहेर उजेडाचा कवडसाही जाता कामा नये, म्हणून सगळी झाकणं बंद. आत घाम, डिझेल आणि कांद्याच्या फोडणीचा वास.

एके दिवशी आवाज आला. सगळे धावत आपापल्या जागी गेले, पाण्यात स्फोटकं सोडली, समुद्र ढवळून निघाला आणि वर आले ते मासे. "सुरमई!" इथे बाबा दोन्ही हात पसरून लांबी दाखवत. "एवढाली! आणि थांबायचा हुकूम नाही. डोळ्यांसमोर सुरमई तरंगतेय आणि जहाज आपलं पुढे चाललंय. आमच्या मेसमध्ये, म्हणजे राहायच्या खोलीत, आम्ही चौघं कोकणातले. त्या दिवशी आम्ही शत्रूला ज्या शिव्या दिल्या, त्या पाणबुडीसाठी नव्हत्या."

यावर सगळे हसत आणि बाबा उठून गॅलरीत जात. गोष्ट नेहमी तिथेच संपायची. पुढचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या पाणबुडीला शोधत होते तिनेच टॉर्पेडो मारला, काही मिनिटांत जहाज गेलं, आणि शेकड्याने माणसं त्याच्याबरोबर गेली. बाबा दुसऱ्या दिवशी लाइफ जॅकेटच्या आधाराने तरंगत असताना पाण्यातून काढले गेले. मेसमधले बाकीचे तिघे कोकणातले परत आले नाहीत. हे मला नवऱ्याने सांगितलं. बाबांनी स्वतः फक्त एकदा, भाजी निवडता निवडता सांगितलं, "माझ्या अंगात जे जॅकेट होतं ना, ते माझं नव्हतं."

कोणाचं होतं, ते मला पहिल्या भाऊबीजेला कळलं.

सकाळी दहाला बेल वाजली. दारात एक ठेंगणी, ठसठशीत बाई, हातात पितळी तबक, काखेत पिशवी. मोरव्याहून रेल्वेचा पूल ओलांडून चालत आल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तू सून काय गो? बरी आहेस. भाऊ कुठाय?" आणि भाऊ तंबाखूची डबी खिशात सारताना सापडले. "परत? आमच्या ह्यांनी तुला जॅकेट दिलं ते तंबाखू खाऊन मरायला नाय!" बाबा, ज्यांच्यासमोर सोसायटीचा चेअरमन हळू बोलायचा, ते निमूटपणे पाटावर जाऊन बसले.

घरात सगळे त्यांना मोरव्याच्या आत्या म्हणत. युद्धानंतर बाबा इस्पितळात असताना त्यांनी आत्यांना रत्नागिरीला पत्र लिहिलं होतं. ते आत्यांना तोंडपाठ होतं. ओवाळायच्या आधी त्या ते म्हणून दाखवत, आरती म्हणावी तसं: "ताई, दिवे गेले तेव्हा आपले यजमान माझ्याजवळ होते. त्यांनी आपल्या अंगातलं जॅकेट काढून माझ्या अंगात घातलं, गाठ मारली आणि मला पुढे ढकललं. माझा जीव आता आपल्या घरचा आहे. आपण हाक मारा, मी येईन." मग निरांजन ओवाळत. विधवा बाईने ओवाळावं की नाही असा प्रश्न कोणी काढला तर त्या म्हणत, "भाऊ समुद्रातून आणलाय. त्याला शास्त्र नाय."

आधी काही वर्षं त्या पाकिटातून कुंकू आणि अक्षता पाठवायच्या. मुलगी-जावई मोरव्याला भाड्याने राहायला आले, त्यांच्या मागोमाग त्याही आल्या, आणि आमचं हे घर त्यांच्याच ओळखीने मिळालेलं. बाबांच्या जिवावर त्यांचा पूर्ण हक्क होता आणि तो त्या वापरायच्या. खोकला झाला की काढा यायचा. चष्म्याचा नंबर वाढला तर जाब विचारला जायचा. मला हे सगळं फार आवडलं. राउंड घेणाऱ्या माणसाची राउंड घेणारं कोणीतरी आहे, हे कळून माझा जीव भांड्यात पडला होता.

चार वर्षांनी, श्रावणात, दुसरी बेल वाजली. या बाई उंच, सडसडीत, अगदी हळू बोलणाऱ्या. बरोबर मुलगा होता. त्याने मीरा रोडला, नया नगरच्या अलीकडे, नवीन घर घेतलं होतं आणि माजी नौसैनिकांच्या यादीतून आमचा पत्ता काढला होता. त्या चिपळूणकडच्या. त्यांनी नारळ बाबांच्या हातात दिला आणि त्यांचा बांध फुटला.

"दादा, तुमचं पत्र मी वीस वर्षं जपलंय," त्या म्हणाल्या. "दिवे गेले तेव्हा आपले यजमान माझ्याजवळ होते..."

मी गॅलीत चहाचं आधण ठेवलं होतं. ते उकळून उतू गेलं तरी मी तशीच उभी. शब्दाला शब्द तेच पत्र! तेच जॅकेट, तीच गाठ, तेच "आपण हाक मारा." मी दारातून डोकावले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. मला श्रीखंड आठवलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाहुणे गेल्यावर मी सरळ विचारलं, "बाबा, जॅकेटं किती होती?"

"एक."

"मग?"

"मग काही नाही," ते म्हणाले आणि चपला घालून खाली गेले.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी वीस वर्षं विचारलं नाही. तूही विचारू नकोस." पण मला राहवेना. एका विधवा बाईला खोटं सांगायचं हे वाईट, आणि दोघींना एकच खोटं सांगायचं हा तर आळस! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. झोकदार अक्षरात लिहिलं होतं: "भाऊबीज. मोरवा, सकाळी १०. मीरा रोड, दुपारी ४. दोघींची गाठ पडता कामा नये. तुझी मदत हवी." खाली सही. मी कागद फाडून टाकायला हवा होता. पण "तुझी मदत हवी" हे त्या माणसाने आयुष्यात कोणाला लिहिलं नसणार, हे मला माहीत होतं.

तर पुढची तीन वर्षं मी या कटात सामील होते, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. सकाळी दहाला मोरव्याच्या आत्या ओवाळून, नारळाच्या वड्या भरवून, जेवून दीडला जायच्या. दीड ते चार हा माझा वेळ. रांगोळी पुसून नवी काढायची. पाटाची जागा बदलायची. बाबांचं कपाळ साबणाने धुवून कोरं करायचं. सासूबाई वड्यांचा डबा पलंगाखाली सरकवायच्या. चारला मीरा रोडच्या आत्या करंज्या घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "दादा, उपाशी थांबलात ना माझ्यासाठी?" बाबा मान हलवायचे आणि पोटावरून हात फिरवायचे. तो हात भुकेचा नसायचा. साड्याही मी केबिन रोडच्या एकाच दुकानातून घ्यायचे, पण वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या काठाच्या, पुढेमागे कुठे गाठ पडलीच तर साडी बोलायला नको म्हणून. एवढी हुशारी दाखवून आम्ही पकडलो गेलो ते पाण्याच्या टँकरमुळे.

पंच्याण्णव सालच्या भाऊबीजेला मीरा रोडच्या आत्यांच्या इमारतीत टँकर चार वाजता यायचा होता. टँकर चुकवणं म्हणजे दोन दिवस कोरडे, त्यामुळे त्या अकराला रिक्षा करून आल्या. मी दार उघडलं. माझ्या मागे बाबा पाटावर, डोक्यावर टोपी, आणि मोरव्याच्या आत्या हातात निरांजन घेऊन उभ्या.

"अरे वा, अजून एक बहीण!" मीरा रोडच्या आत्या आनंदाने म्हणाल्या. "दादांनी कधी सांगितलं नाही. सख्ख्या का?"

"सख्खी नाय. पण तिच्याहून जास्त," मोरव्याच्या आत्यांनी सांगितलं. "आमच्या ह्यांनी ह्याला बुडत्या जहाजावरून वाचवला. स्वतःचं जॅकेट दिलं. तुम्ही?"

त्या बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून विझलं. त्यांनी हळूच विचारलं, "दिवे गेले तेव्हा?"

"दिवे गेले तेव्हा आपले यजमान माझ्याजवळ होते," मोरव्याच्या आत्यांनी सवयीने सुरुवात केली.

"त्यांनी आपल्या अंगातलं जॅकेट काढून..."

"...माझ्या अंगात घातलं, गाठ मारली..."

"...आणि मला पुढे ढकललं."

दोघी थांबल्या. शेवटचं वाक्य कोणीच म्हटलं नाही. मोरव्याच्या आत्यांनी निरांजन खाली ठेवलं, आणि बाबांकडे असं बघितलं की मला वाटलं आता कानाखाली वाजवणार.

"भाऊ, खरं कोणाचं होतं?"

बाबा पाटावरून उठले नाहीत. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"मला माहीत नाही, ताई."

मग जे आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. धक्का बसला, दिवे गेले, जहाज एका बाजूला कलंडायला लागलं. मेसमध्ये मिट्ट काळोख. त्यांचं जॅकेट जिथे टांगलेलं असायचं तिथे ते चाचपडत होते, पण भिंतीची जमीन झाली होती आणि काही सापडत नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी मागून त्यांची मानगूट धरली, डोक्यातून जॅकेट घातलं, नाड्या करकचून बांधल्या आणि म्हणालं, "चल, पुढे हो." मराठीत. मग पाठीत जोराचा रेटा, आणि बाबा वर जाणाऱ्या शिडीपाशी.

"जॅकेट गरम होतं," बाबा म्हणाले. "नुकतं कोणीतरी अंगातून काढलेलं. आम्ही चौघं मराठी तिथे. म्हणजे उरलेल्या तिघांतला एक. पण आरडाओरड चाललेली, आवाज ओळखता आला नाही. इस्पितळात पत्र लिहायला बसलो. एकाच घरी लिहावं, आणि तो तो नसेल तर? खऱ्या माणसाच्या घरी कधीच कळणार नाही की त्याने काय केलं. म्हणून तिघांच्याही घरी लिहिलं. एक पत्र तरी खरं आहे, ताई. कुठलं, ते मला माहीत नाही."

तीन वर्षं मी त्या माणसाला खोटारडा समजत होते. माझी मान खाली गेली.

"म्हणजे माझे नसतीलही," मीरा रोडच्या आत्या म्हणाल्या.

"माझे पण," मोरव्याच्या आत्या म्हणाल्या.

त्या बायकांकडे नवऱ्याचं दुसरं काहीच नव्हतं. देह मिळाला नव्हता, राख मिळाली नव्हती. एक गोष्ट होती, की मरताना तो असा वागला. मुलांना तीच सांगून वाढवलेलं. आमच्या बैठकीत, वड्या आणि करंज्यांच्या मधोमध, ती त्यांच्या हातातून गेली. मोरव्याच्या आत्यांनी तबक तसंच सोडलं आणि निघाल्या. थोड्या वेळाने मीरा रोडच्या आत्याही निघाल्या. शेजारच्या गुजराती भाभी जिन्यात उभ्या होत्या. "सब ठीक है ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. बाबा त्या दिवशी कोऱ्या कपाळानेच जेवले.

ते वर्ष आमच्या घरी वाईट गेलं. शनिवारच्या राउंड बंद झाल्या. मी एकदा मुद्दाम फ्रिजवर धूळ साचू दिली, पण बाबांनी बोट फिरवलं नाही. खोकला झाला तर काढा आला नाही. "माझा जीव आपल्या घरचा आहे" असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि आता त्या जिवाला घरच राहिलं नव्हतं. मला त्यांचा राग येत होता, त्या दोघींचाही येत होता, आणि सगळ्यांत जास्त टँकरवाल्याचा. शेवटी मी मोरव्याला गेले. आत्यांनी बसवलं, चहा दिला, सासूबाईंसाठी सुके बोंबील बांधून दिले आणि बाबांचं नावही काढलं नाही. मीरा रोडला गेले तर मुलगा म्हणाला, आई घरी नाही. आईच्या चपला दारातच होत्या.

पुढची भाऊबीज आली. मी रांगोळी काढणार नव्हते, पण बाबा सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसले होते. कोणी येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी तयार होते.  मी पाट मांडला.

दहाला बेल वाजली. दारात दोघी. एकाच रिक्षातून आल्या होत्या आणि जिना चढताना भांडत होत्या.

"मी सांगते ना, करकचून गाठ म्हणजे आमचेच हे," मोरव्याच्या आत्या म्हणत होत्या. "माझ्या मुलीच्या वेण्या बांधायचे तर पोर रडायची."

"पण आमचे पट्टीचे पोहणारे," मीरा रोडच्या आत्या. "जॅकेट काढून द्यायचं धाडस पोहणाऱ्यालाच होणार."

त्या वर्षभर एकमेकींकडे जात होत्या, हे मला तेव्हा कळलं. आधी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघायला, मग आपापला नवरा सिद्ध करायला, आणि मग नुसत्याच. आत आल्या आल्या त्यांनी बाबांना फैलावर घेतलं. गाठ पुढे होती की बाजूला? ढकललं ते एका हाताने की दोन्ही? हात उंचावरून आला की खालून? बाबा प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" म्हणत होते आणि दर "माहीत नाही"ला त्यांचा चेहरा थोडा थोडा उजळत होता. सासूबाई पदराआड हसत होत्या.

"बरं, मग आम्ही ठरवलंय ते ऐक," मोरव्याच्या आत्या म्हणाल्या. "ह्या लांबून येतात, म्हणून यंदा ह्यांच्या यजमानांनी दिलं. पुढच्या वर्षी माझ्या. ज्याचं वर्ष, ती पुढे होऊन ओवाळेल आणि पत्र म्हणेल. दुसरीने मध्ये बोलायचं नाय."

"आणि तिसरं पत्र?" मीरा रोडच्या आत्यांनी विचारलं. "ते कुठे गेलं, दादा?"

"पेणला. बावीस वर्षांचा होता. लग्न नव्हतं झालं. आई तेवढी होती. पत्र तिला शाळामास्तरांनी वाचून दाखवलं, असं त्यांनी कळवलं होतं. ती पण गेली पुढे. आता त्या घरी कोणी नाही."

 मग मोरव्याच्या आत्या मला म्हणाल्या, "सूनबाई, कागद आण. ह्याला तिघांची पाळी लिहून घेऊ दे, नायतर विसरेल." बाबांनी लिहिलं. पहिलं वर्ष मीरा रोड. दुसरं वर्ष मोरवा. तिसऱ्या वर्षापुढे त्यांनी पेण लिहिलं, आणि समोर काय लिहायचं ते न कळून पेन थांबवलं. "राहू दे तसंच," आत्या म्हणाल्या.

त्या वर्षी मीरा रोडच्या आत्यांनी ओवाळलं. पुढच्या वर्षी मोरव्याच्या आत्यांनी, आणि मीरा रोडच्या आत्या कबूल केल्याप्रमाणे मध्ये बोलल्या नाहीत, फक्त "पोहता येत होतं का पण?" एवढंच पुटपुटल्या. शनिवारच्या राउंड पुन्हा सुरू झाल्या आणि मी पुन्हा शुक्रवारी लपवायला लागले.

अठ्ठ्याण्णव साली तिसऱ्याची पाळी आली. मला वाटलं होतं त्या वर्षी नुसताच फराळ होईल, कारण त्या मुलाकडून ओवाळायला जगात कोणी नव्हतं. बाबांनाही तसंच वाटलं असावं. ते खुर्चीतच बसले होते, टोपी खुंटीवर. दोघी आल्या. सकाळी फुलं घ्यायला थांबल्या होत्या. आत येऊन त्यांनी एकच तबक तयार केलं, निरांजन लावलं आणि दोन बाजूंनी दोघींनी ते धरलं. चार हातांमुळे तबक हलत होतं. दोघींच्याही चेहऱ्यावर आपल्या नवऱ्याचा हट्ट नव्हता. त्या दिवसापुरतं दोघींनी ते जॅकेट आपापल्या माणसाच्या अंगावरून उतरवलं होतं आणि त्या मुलाचं म्हणून मान्य केलं होतं.

"आणि तुमचे?" बाबांनी विचारलं.

"आमच्यांचं पुढच्या वर्षी बघू," मोरव्याच्या आत्या म्हणाल्या. "तू पाटावर बस. आज आम्ही पेणहून आलोय, त्याच्या आईकडून."